अठ्ठावीस भोकं

ड्रिलचं टोक पत्र्यापासून दोन सूत लांब होतं. एवढ्यात मागून आवाज आला, "थांबा मिस्त्री. ही रेषा आपण कशावरून काढलीत?"

मी न वळता म्हणालो, "बोटावरून."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"मग राहू द्या," कर्णिकसाहेब म्हणाले. "बोटं माणसागणिक बदलतात. मी लेझर आणलाय."

मी ड्रिल बंद केलं. त्या क्षणी ते बंद करायला नको होतं, असं मला वर्षभर वाटत आलं आहे. पण आधी कामाचं सांगतो, नाहीतर भांडण कशावरून झालं ते कळायचं नाही.

मी जुन्या गाड्यांचं ट्रिम बसवतो. ट्रिम म्हणजे गाडीच्या अंगावर बाहेरून जे काही चमकतं ते. बंपर, काचेभोवतीची चौकट, बॉनेटवरचं चिन्ह, आणि बाजूने पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत गेलेली स्टीलची लांब पट्टी. लोकांना वाटतं ही शोभेची वस्तू, दोन स्क्रू मारले की झालं. पट्टी वाकडी असेल तर पाच महिने खपून केलेला रंग फुकट जातो. माणसाचा डोळा पत्र्यावरचा पोचा माफ करतो, पण रेषा तिरकी असेल तर माफ करत नाही.

ही पट्टी चिकटवत नाहीत. पत्र्याला भोकं पाडायची, त्यात क्लिप दाबायच्या, क्लिपवर पट्टी बसवायची. भोक एकदा पडलं की पडलं. जागा चुकली तर ते बुजवायचं, घासायचं, आणि पूर्ण बाजू परत रंगवायची. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. रंगाच्या आधी सगळं ट्रिम एकदा कोरडं बसवून बघायचं, खुणा करायच्या, काढून ठेवायचं, आणि मग गाडी रंगाला पाठवायची.

इथे तो नियम पाळला गेला नव्हता.

गाडीचं नाव सांगत नाही. पुण्यात त्या जातीच्या दोन-तीनच उरल्यात, मालक लगेच ओळखू येतील. साठेक वर्षांपूर्वीची, चार दारांची, गडद हिरवी, नावेसारखी लांब गाडी. मालक शेवाळे अण्णा, हडपसरचे. वडिलांच्या काळात ऊस होता. आता त्याच रानात अण्णांचे टॉवर उभे आहेत आणि टॉवरच्या मागच्या गोडाऊनमध्ये दहा जुन्या गाड्या. ही त्यातली पहिली, जी दुरुस्त करून बाहेर काढायची होती. शहरात जुन्या गाड्यांचा एक मेळावा भरणार होता. तिथे परीक्षक येतात, गाडीभोवती फिरतात, वह्यांत लिहितात. अण्णांना तिथे जायचं होतं.

आमचा सौदा झाला तो त्यांच्या ऑफिसात. अण्णा जमिनीचे सौदे करत मोठे झालेले आणि मी वाशिमकडून एक पत्र्याची पेटी घेऊन आलेला. आयटीआय केलं, इथल्या एका कंपनीत सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर पत्रा ठोकला, मग रस्त्याकडेला स्वतःची शेड टाकली. कुणी बोट धरून आणलं नाही. त्यामुळे घासाघीस करायला मला लाज वाटत नाही. त्या दिवशी तीन वेळा चहा आला. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा अण्णांनी हसत परत बोलावलं.

शेवटी ते म्हणाले, "वानखडे, तुमी लई चिवट हाय. बसा. ही एक गाडी करून दावा. मनात बसली तर ऱ्हायलेल्या नऊ तुमच्याच. दुसऱ्या कुणाचा हात लागायचा न्हाई."

नऊ गाड्या म्हणजे चार वर्षांचं काम. आणि हवं तसं काम. तोवर माझी शेड इन्शुरन्सच्या कामावर चालायची. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये एकमेकींना घासलेल्या कॅब, तुटलेले आरसे, प्लास्टिकचे बंपर. जुनं काढा, नवं लावा, फोटो पाठवा. त्यात कारागिरी काडीची नाही. अण्णांचा शब्द मिळाला त्याच आठवड्यात ज्या गॅरेजकडून ते काम यायचं त्याच्या मॅनेजरशी एका बंपरवरून माझं वाजलं, आणि मी सांगून टाकलं, उद्यापासून तुमची एकही गाडी माझ्या दारात नको. राग खरा होता. पण नऊ गाड्या खिशात आहेत असं वाटत होतं म्हणून तो एवढा मोठा झाला, हेही खरं आहे.

म्हणजे माझ्याकडे आता ही एकच गाडी होती आणि तिच्यावर पुढच्या नऊ.

कर्णिकसाहेब या कामाचे कन्सल्टंट. राहणार कर्वेनगर. एका मोठ्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. जुन्या गाड्यांची त्यांना माझ्या शंभरपट माहिती, हे मी आजही मान्य करतो. कोणत्या वर्षी कोणता दिवा बदलला हे ते झोपेत सांगतील. पण गाडीला हात लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. बोलणं अगदी सभ्य. 'आपण' सोडून बोलायचे नाहीत. 'आपण' म्हणूनही माणसाची सालं कशी काढता येतात ते मी त्यांच्याकडूनच शिकलो.

गाडी रंगाला जाण्याआधी मी त्यांना फोन केला होता. म्हटलं, "साहेब, आधी पट्ट्या कोरड्या बसवून बघू द्या. दोन दिवस लागतील."

"वेळापत्रकात दोन दिवस नाहीत, मिस्त्री."

"मग निदान पेंटरला सांगा, जुनी भोकं बुजवू नको."

"सांगतो," ते म्हणाले.

सांगितलं की नाही ते त्यांना ठाऊक. पेंटर म्हणाला, मला कुणी काही बोललं नाही, अण्णा म्हणाले गाडी आरशासारखी करा, मी केली. गाडी परत आली ती खरोखर आरशासारखी. दोन्ही बाजूंना एकही भोक नाही. सगळी पितळेची झाळ मारून बुजवलेली, वरून पुट्टी, वरून रंगाचे सात हात. आणि माझ्याकडे एका लांब खोक्यात गुंडाळलेल्या आठ पट्ट्या. दर बाजूला चार. कुठे बसवायच्या याची खूण कुठेच नाही.

मेळाव्याला आठ दिवस होते.

मी दोन दिवस गाडीच्या आत घालवले. बाहेरून पत्रा कितीही गुळगुळीत केला तरी आतून कुणी घासत बसत नाही. भोक बुजवलं की आतल्या बाजूला झाळेचा बारीक फोड राहतो, मुगाच्या दाण्याएवढा. दारांची आतली पॅनेलं काढली, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि बोटाने एकेक दाणा शोधला. मागची बाजू डिकीतून. पुढची चाकाच्या वरून, उताणं झोपून. प्रत्येक दाण्याच्या आतून लोहचुंबक धरायचं, बाहेरच्या बाजूला ठेवलेली छोटी चकती त्या जागी येऊन चिकटते, तिथे मास्किंग टेपवर पेन्सिलने खूण. हाताला पत्र्याच्या कडांनी चिरे पडले. पण एका बाजूची चौदा मिळाली, दुसऱ्या बाजूचीही चौदा. कारखान्यात होती तीच अठ्ठावीस.

खुणांची मापं एका कागदावर उतरवून ठेवली आणि खुणा जोडल्या. रेषा पुढून मागे किंचित वर चढत होती. शेवटच्या टोकाला पाऊण इंच.

मलाही आधी खटकलं. मग मी एक डोळा मिटून गाडीच्या नाकाशी उकिडवा बसलो आणि नजर पत्र्यावरून मागे नेली. गाडीला खांदा असतो. खिडक्यांच्या खालून जाणारा उंचवटा. या गाडीत तो मागच्या दारापाशी विरघळतो, म्हणून टेप लावून मोजता येत नाही. पण नजर लावली की कळतो. माझी रेषा त्या खांद्याशी बरोबर जात होती. मी ड्रिल उचललं.

आणि तेव्हा कर्णिकसाहेब आले.

त्यांनी तिकाटण्यावर लेझर उभा केला. लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणला, फरशी तपासली, चारही टायरची हवा तपासली. माणूस काटेकोर. बटण दाबलं आणि हिरव्या गाडीवर लाल रेषा उमटली. पुढे ती माझ्या टेपवर होती. मागे माझी टेप तिच्या पाऊण इंच वर.

"बघा," ते म्हणाले. "आपली रेषा चढतेय."

"गाडीवर चढत नाहीये साहेब. जमिनीवरून चढतेय."

"गाडी जमिनीवरच उभी आहे ना? की आपल्याकडे वेगळी पद्धत आहे?"

"पट्टी जमीन बघून लावत नाहीत. गाडीचा खांदा बघून लावतात. आणि ही भोकं मी ठरवलेली नाहीत, कारखान्याची आहेत. आत हात घालून बघा."

"कारखान्याची कशावरून? ही गाडी मधल्या काळात दोनदा ठोकली गेलीय. नाना पेठेतल्या कुणा मिस्त्रीने पाडलेली असतील. मिस्त्री लोकांचा अंदाज फार प्रसिद्ध आहे."

माझ्या हातात पाना होता. मी तो बाकावर आपटला. "काहून? मिस्त्री नसता तर ही गाडी आज कोंबड्यांचं खुराडं असती!"

रागात आलो की माझ्या तोंडात गावाकडची भाषा येते. साहेबांनी चष्मा पुसला. "'काहून' म्हणजे 'का' ना? का ते मी मघाशीच सांगितलं. लेझरला राग येत नाही, हा त्याचा फायदा."

मी म्हटलं गाडी ढकलून बाहेर अंगणात काढू, वीस पावलं लांब उभं राहून बघू. त्या गोडाऊनमध्ये गाडीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम सहा फूट जागा होती. सहा फुटांवरून पट्टी दिसते, गाडी दिसत नाही. ते म्हणाले, ताजा रंग आहे, बाहेर बांधकामाची धूळ आहे, सीटा अजून सीटवाल्याकडे आहेत, पेट्रोल नाही, ढकलणार कोण? सगळं तयार झाल्याशिवाय गाडी हलणार नाही.

सगळं कारण त्या वाक्यात होतं. साहेबांनी ते स्वतः बोलून दाखवलं आणि मी समोर उभा राहून ऐकलं. दोघांनाही कळलं नाही. मला एवढंच कळत होतं की रेषा चूक आहे. का चूक आहे ते सांगता येत नव्हतं. आमच्या धंद्यात हाताला बरंच आधी कळतं. शब्द मागून येतात, आणि कधीकधी फार उशिरा येतात.

मी अण्णांना फोन लावला. स्पीकरवर ठेवला. दोघांनी आपापलं सांगितलं.

अण्णा साइटवर होते, मागे मिक्सरचा आवाज. "वानखडे, तुमी म्हंता ते मला समजंना. साहेब मशीन लावून सांगत्यात नव्हं? मग त्यांचं ऐका."

"अण्णा, मशीन चुकत नाही, पण..."

"मग झालं तर. साहेब म्हंत्याल तसं करा." फोन बंद.

इथे मी जे केलं त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. मी सौदा करणारा माणूस. म्हटलं, ठीक आहे, रेषा तुमची, मग जबाबदारीही तुमची. "लिहून द्या साहेब."

"काय लिहून द्यायचं?"

"की पट्टीची रेषा तुम्ही काढली. मी विरोध केला."

"कोर्टात जायचंय का आपल्याला?"

"नाही. पण कागद नसेल तर ड्रिल चालणार नाही."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग वही काढली, सुंदर अक्षरात दोन ओळी लिहिल्या. 'पट्टीची रेषा सर्वानुमते ठरली.'

"'सर्वानुमते' खोडा."

"मग 'चर्चेअंती'?"

"चर्चा नाही झाली. भांडण झालं. 'माझ्या सांगण्यावरून' लिहा."

"'तांत्रिक सल्ल्यानुसार'."

"कुणाच्या?"

"मिस्त्री, आपण वकील व्हायला हवं होतं."

"फी परवडली नाही. लिहा, 'माझ्या'."

अर्धा तास आम्ही त्या दोन ओळींवर घासाघीस केली. मंडईत भाजीवालीशीही मी एवढा भांडलो नसेन. शेवटी त्यांनी लिहिलं, 'बाजूच्या पट्टीची रेषा माझ्या सांगण्यावरून लेझरने निश्चित केली. वानखडे यांचा यास विरोध होता.' खाली सही. मी कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. जिंकल्यासारखं वाटलं.

मग अठ्ठावीस भोकं पाडली.

काम मी चोख केलं, हे मात्र कुणी नाकारू शकत नाही. आधी टोच्याने खूण, मग बारीक ड्रिल, मग मोठं. भोवती टेप, म्हणजे रंगाचा टवका उडत नाही. प्रत्येक भोकाच्या कडेला गंज लागू नये म्हणून ब्रशच्या टोकाने प्रायमर. प्रत्येक क्लिपखाली रबराची चकती, म्हणजे पाणी आत जात नाही. दाराच्या पट्टीचं आणि फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, पट्टीचं तोंड समोरासमोर जुळतं तिथे फट सगळीकडे सारखी, दाढीचं पातं जाईल एवढीच. आठही पट्ट्या मी स्वतः पॉलिश केल्या होत्या. त्यांत तोंड बघून भांग पाडता आला असता.

चार दिवसांनी सीटा आल्या. पुढची आणि मागची, स्प्रिंगच्या, कातड्याच्या. मागची उचलायला चार माणसं लागली. डिकीत स्टेपनी आणि हत्यारांची पेटी गेली. टाकीत पेट्रोल भरलं, ती टाकीही मागेच. आणि गाडी पहिल्यांदा स्वतःच्या पायाने गोडाऊनमधून बाहेर आली, अण्णांच्या अंगणात, सकाळच्या उन्हात.

मी लांब उभा होतो. साहेब माझ्या शेजारी. अण्णा चालवत होते. ओट्यावर त्यांच्या आई, आक्का, तांदूळ निवडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या वर. त्यांनी सूप खाली ठेवलं, गाडीकडे बघितलं आणि ओरडल्या, "आरं, ती पट्टी मागं लोंबतीया का रं?"

लोंबत होती. मागच्या टोकाला पट्टी खाली झुकली होती आणि तिच्यामुळे ती एवढी देखणी गाडी ढुंगण टेकून बसल्यासारखी दिसत होती. दोन्ही बाजूंनी. आक्कांना जे दिसलं ते बघायला लेझर लागत नव्हता.

अण्णा उतरले, मागे आले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "बसवताना पट्टी सरकलेली दिसतेय."

मी कागद काढला. उलगडून त्यांच्या हातात दिला नाही, अण्णांच्या दिला. अण्णांनी वाचला. साहेब म्हणाले, "रेषा माझी, हे मान्य आहे. पण बसवणं आपलं आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

तेव्हा मला कारण सुचलं. चार दिवस उशिरा. मी धावत जाऊन जॅक आणला, गाडीच्या मागे मधोमध लावला आणि मागची बाजू वर उचलत गेलो. बोटभर उचलली तशी पट्टी जमिनीशी सरळ आली.

"आणा तुमचा लेझर," मी म्हटलं. "आता लावा. बरोबर बसेल. त्या दिवशी गाडीत सीट नव्हती, पेट्रोल नव्हतं, मागच्या स्प्रिंगा नव्या कोऱ्या. ढुंगण वर करून उभी होती गाडी. वाकड्या उभ्या असलेल्या माणसाचं माप घेऊन तुम्ही सदरा शिवलात!"

साहेबांनी लेझर आणला नाही. गरज नव्हती, त्यांना लगेच कळलं होतं. हुशार माणूस. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे रेषा बरोबर होती. गाडी खाली आली."

अण्णा त्यांच्याकडे वळले. "मग काय आता गाडी जॅकवर घिऊन मेळाव्यात फिरू का?"

मला वाटलं, झालं. आता माझा न्याय होणार. कागद अण्णांच्या हातात होता, जॅक गाडीखाली होता, याहून मोठा पुरावा काय?

अण्णांनी कागद घडी केला आणि मला परत दिला.

"वानखडे, एक इचारतो. तुमाला त्या दिशी दिसत हुतं का, पट्टी चुकतीया म्हून?"

"दिसत होतं अण्णा. म्हणूनच तर लिहून घेतलं."

"म्हंजी माझी गाडी नासनार हे तुमाला ठावं हुतं."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. फोनवर."

"सांगितलं. पर मी न्हाई म्हनल्यावर तुमी काय केलं? सोताला वाचवायचा कागद केला आन् भोकं पाडली. अठ्ठावीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. तेच जास्त लागलं. "साहेबांना कळलं न्हाई, ते चुकले. तुमाला कळलं आन् तुमी पाडली. ह्यात थोरला गुन्हा कुनाचा, सांगा की."

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, मिस्त्रीचं ऐकायचं नाही आणि नंतर मिस्त्रीलाच विचारायचं, हात का नाही थांबवलास? मी हात थांबवला असता तर तुम्हीच म्हणाला असता, वानखडे माजलाय. तीन वेळा सांगितलं. रंगाच्या आधी सांगितलं, भोकं बुजवू नका सांगितलं, बाहेर काढून बघा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला मी काय पगारी कीर्तनकार आहे? आणखीही बरंच बोललो. आक्का सूप घेऊन आत गेल्या, एवढं आठवतं.

गाडी मेळाव्याला गेली नाही. दोन्ही बाजूंची भोकं बुजवून, पूर्ण रंग उतरवून परत काम झालं, दुसऱ्या गॅरेजमध्ये. पट्टी माझ्या पेन्सिलच्या खुणांवर बसवली. ते मला कसं कळलं? त्या गॅरेजवाल्याने फोन करून विचारलं, टेपवरच्या खुणांचा कागद तुमच्याकडे आहे का. मी आधी आईबहिणीवरून बोललो आणि मग कागद पाठवून दिला. गाडीचं वाटोळं व्हायला नको म्हणून पाठवला. माणसांसाठी नाही.

उरलेल्या नऊ गाड्या त्याच गॅरेजला गेल्या. कन्सल्टंट कर्णिकसाहेबच आहेत. अण्णा म्हणे कुणाला तरी सांगत होते, साहेब चूक कबूल करतात, असा माणूस मिळत नाही. साहेबांनी कबूल काय केलं, तर गाडी खाली आली हे. त्यांची रेषा अजून सरळच आहे.

मी ज्या मॅनेजरला दारात येऊ नको म्हणालो होतो त्याच्या दारात जाऊन आलो. त्याने मला बाहेरच्या बाकावर दोन तास बसवलं. मी बसलो. आज शेडमध्ये तीन कॅब उभ्या आहेत, तिन्हींचे मागचे बंपर फुटलेले. प्लास्टिकचा बंपर सहा क्लिपवर बसतो. भोकं कंपनीतून पाडून येतात, कुणाचं मत लागत नाही.

अजून कुणी जुनी गाडी घेऊन येतंच अधूनमधून. आता माझी पद्धत ठरलेली आहे. गाडीत सगळ्या सीटा, टाकीत पेट्रोल, डिकीत स्टेपनी, आणि गाडी उघड्यावर. एवढं नसेल तर मी टेपसुद्धा लावत नाही. आणि कुणाकडून काही लिहून घेत नाही. मालक म्हणाला साहेब म्हणतील तसं करा, तर ड्रिलची वायर गुंडाळून पिशवीत ठेवतो आणि नमस्कार करतो. अशी दोन कामं गेली आहेत.

त्या दिवशी मी वायर गुंडाळली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी बरेचदा मांडला आहे. अण्णा चिडले असते, नऊ गाड्या गेल्याच असत्या. त्या दोन्ही वाटांनी जाणारच होत्या. फरक एवढाच की मग अण्णांच्या त्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं असतं. अजून देता येत नाही, आणि ह्याचाच राग जात नाही.